सख्खी की मानलेली

शुक्रवारी दुपारी मटणभाताचं जेवण झालं की आई टेबल पुसून घ्यायची आणि बाबा मला आम्ही कोण आहोत ते शिकवायला बसायचे. खालच्या मशिदीतली नमाज तेवढ्यात सुटलेली असायची. एकामागे एक लावलेल्या गाड्या बाहेर काढण्यासाठी हॉर्न वाजत असायचे, खिडकीतला एसी मधूनच खोकायचा, आणि बाबा झेरॉक्स कागदांचा गठ्ठा पुढे ओढून विचारायचे, "आपले देव?" मी म्हणायची, "वाघोबा, हिरवा, वरसूबाई." "वाघबारस कधी?" "जस्ट बिफोर दिवाळी." "मराठीत सांग. तिथे मराठीत विचारणार." मग मी ते मराठीत सांगायची, भूगोलाच्या धड्यातली नदीची नावं सांगावीत तसं. कागद एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचे होते. इंग्रजांच्या काळात कोणी साहेब घोड्यावरून आमच्या डोंगरात फिरला होता आणि त्यानं तिथल्या एकेका जमातीवर एकेक प्रकरण लिहिलं होतं. बाबांनी पुण्याच्या मित्राकडून आमचं प्रकरण तेवढं मागवून घेतलं होतं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की ही माणसं लाजाळू, कष्टाळू आणि भुताखेतांना भिणारी आहेत. त्यातलं लाजाळू तेवढं मला लागू होतं.

आम्ही महादेव कोळी. कोळी म्हटलं की लोकांना समुद्र आणि मासे आठवतात, आम्ही मात्र जुन्नरच्या पलीकडच्या डोंगरातले आदिवासी. हे मला दहावीची परीक्षा संपल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं आम्ही नुसते मराठी आहोत. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यामुळे शारजातल्या मराठी मंडळात कोणी आडनाव विचारलं आणि बाबांनी सांगितलं, की विचारणारा आपणच आपलं समाधान करून घ्यायचा. बाबा आदिवासी वसतिगृहात राहून इंजिनीअर झाले होते आणि दुबईतल्या एका कंपनीत वायरिंगची कामं बघत होते. अरबांच्या लेखी आम्ही सगळे सरसकट हिंदी, हे बाबांना या देशात सगळ्यात जास्त आवडायचं. ते तसं कधी बोलले नाहीत. पण भारतात सुट्टीला गेलं की विमानतळाबाहेर पडताच त्यांचे खांदे वर चढायचे आणि परत शारजाला उतरलं की खाली यायचे. माझं लक्ष असायचं.

बारावीनंतर दिल्लीतल्या एका सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात आदिवासी मुलांसाठी जागा होत्या. मार्क माझे बरे होते, पण खुल्या यादीत बसण्याइतके नव्हते. जमातीचा दाखला घरात होता, मात्र त्याची पडताळणी व्हायला हवी होती. नावासारखं नाव बघून खोटे दाखले काढणारे खूप झाले होते, म्हणून सरकारनं एक समिती बसवली होती. ती कागद बघायची, आणि मग उमेदवाराला समोर बसवून त्याच्या जमातीचे देव, सण, लग्नातल्या रीती विचारायची. त्याचीच ही तयारी. उत्तर चुकलं की बाबांचा आवाज चढायचा. "हे आपलं आहे, आणि तुला येत नाही?" मला ओरडून सांगावंसं वाटायचं की हे आपलं आहे तर तुम्हाला तरी कागदात बघून का विचारावं लागतं? पण मी तेव्हा ओरडत नसे. पेन्सिलीनं खाली रेघा मारत असे, कागद फाटेस्तोवर.

अशातच हिराआत्या आली. बाबांची मोठी बहीण, बाबा तिला आक्का म्हणत. आमच्या गावातून आश्रमशाळा पुरी करणारी ती पहिली मुलगी, आणि आदिवासींच्या कामासाठी असलेल्या एका सरकारी खात्यात कारकून म्हणून लागून अधिकारी झालेलीही पहिलीच. आमच्या घरात तिच्याविषयी जे बोललं जायचं ते बहुतेक बदल्यांविषयी. डोंगरातल्या बायका हिरडा गोळा करून बाजारात आणायच्या आणि व्यापारी तो काटा मारून घ्यायचे. आत्या रजा टाकून स्वतःचा तराजू घेऊन बाजारात बसली. बदली. एका आश्रमशाळेत मुली थंडीत उघड्या फरशीवर झोपायच्या. तिनं त्याचा अहवाल वरच्या साहेबाला न देता त्याच्याही वरच्याला दिला. बदली. "सरकारशी भांडायचं तर बाहेर पडून भांड ना," बाबा फोनवर म्हणायचे. तिकडून काय उत्तर यायचं ते मला नंतर कळलं. ती म्हणायची, बाहेरच्याचा अर्ज साहेब वाचत नाही. आतल्याचं टिपण निदान दप्तरी दाखल करण्यापुरतं तरी त्याला उचलावं लागतं. शेवटी तिला त्या पडताळणीच्या कामावर टाकलं होतं, आणि तिथूनही हलवून आता कुठल्याशा गोदामावर बसवलं होतं. इतक्या वर्षांची साठलेली रजा घेऊन ती आमच्याकडे आली होती.

ती आली तशी घराचा वासच बदलला. बॅगेतून वरई निघाली, नाचणीचं पीठ निघालं, कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला हिरडा निघाला. खुबूस हा इथला अरबी पाव तिला आवडला, पण त्याला ती भाकरीचा सावत्र भाऊ म्हणायची. आई धाकटी असून तिला ती स्वयंपाकघरातून उठवायची आणि स्वतः ओट्याशी उभी राहून नाचणी थापायची, थापताना हातातल्या बांगड्यांचा एक ठरलेला आवाज यायचा. पहिल्याच शुक्रवारी तिनं बाबांची शिकवणी ऐकली. मी वाघबारशीचं उत्तर सांगत होते की या दिवशी गुराखी वाघदेवाची पूजा करतात आणि खिरीचा नैवेद्य दाखवतात. आत्या हसायला लागली ती थांबेना.

"आणि वाघ कोण व्हायचं ते नाही शिकवलं तुझ्या बापानं?"

"आक्का, ते पुस्तकात नाही," बाबा म्हणाले.

"पुस्तकात कसं असेल! अगं, पोरांतल्याच एकाला वाघ करायचं आणि बाकीच्यांनी त्याला पळवून लावायचं. तुझा बाप दर वर्षाला वाघ. आणि एकदा पळता पळता चड्डी कारवीच्या काटकीला अडकली, तर वाघ तसाच घरी."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. बाबा कागद गोळा करत म्हणाले, "खलास. आज पुरे." पण ओठाच्या कोपऱ्यात त्यांनाही हसू आलं होतं.

आत्याला बोलावण्यामागे बाबांचं एक काम होतं. समितीपुढे सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे बापाकडच्या सख्ख्या नातेवाइकाची झालेली पडताळणी. आत्याची झालेली होती. तिनं भारतात परत गेल्यावर नोटरीपुढे शपथपत्र करून द्यायचं होतं की ही माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. मसुदा बाबांनी ऑफिसात टाइप करून ठेवला होता. तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी मंडळाची खोर फक्कानला सहल होती. आम्ही देवधरकाकांच्या मोठ्या गाडीतून गेलो. काका आमच्याच इमारतीत राहायचे, बाबांच्या ऑफिसजवळ त्यांचं ऑफिस, आणि शारजा ते दुबई तो रोजचा ट्रॅफिक जाम दोघं मिळून काढायचे, एक दिवस यांची गाडी, एक दिवस त्यांची. माणूस मनमोकळा होता. आईचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा बाबा साइटवर होते, आणि काकांनीच तिला उचलून हॉस्पिटलात नेलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना वाईट ठरवेल, आणि ते तितकं सोपं नाही.

डोंगरातून रस्ता जाताना आत्या काचेला नाक लावून बसली होती. दोन्ही बाजूंना तपकिरी, उघडेबोडके डोंगर. "नामा, हे कुणी तोडलं रे सगळं?"

"कुणी नाही आक्का. असाच आहे. इथे झाड उगवत नाही."

"मग फॉरेस्टवाले पगार कशाचा घेतात?" काका इतके हसले की त्यांना गाडी हळू करावी लागली. "मॅडम, तुम्ही आमच्या मंडळात हव्या होतात!"

खोर फक्कानला एका अंगाला समुद्र, पाठीमागे डोंगर आणि लांबवर बंदराच्या क्रेन. कोळशाच्या शेगडीवर चिकन चढलं, काकूंनी दडपे पोहे काढले. जेवताना काकांनी रोहनच्या ॲडमिशनचा विषय काढला. रोहन माझ्या वर्गात होता, त्याला नव्वद टक्क्यांच्या वर मिळायचे. काका म्हणाले की तिकडे काही खरं नाही, निम्म्या जागा आधीच वाटलेल्या असतात, आणि त्यातही निम्मे बोगस. मग एकदम आत्याकडे वळले. "तुम्ही त्याच कामावर होतात ना? हे बोगस लोक पकडता कसे?"

बाबा शेगडीपाशी उभे होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हातातला पुठ्ठा वारा घालायचा थांबला.

"सोपं आहे," आत्या म्हणाली. "दाखवते. चला, तुमचीच पडताळणी करू. देवधर म्हणजे कोकणस्थ ना? सांगा, देवीचं बोडण कसं घालतात?"

"बोडण..." काका म्हणाले. "ते बायकांचं काम."

"सासूबाईंनी घातलं होतं आमच्या लग्नात," काकू म्हणाल्या. "मला आता सगळं नाही आठवत."

"रोहन?"

"व्हॉट इज बोडण?" रोहननं विचारलं.

"नामंजूर!" आत्यानं मांडीवर थाप मारली. "तिघंही बोगस. पुढचे!" सगळी हसायला लागली. मालवणचे सावंतकाका आपणहून पुढे आले, त्यांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं, आणि त्यांनी समुद्राकडे तोंड करून असं काही खणखणीत गाऱ्हाणं घातलं की प्रत्येक वाक्याला सगळी सहल "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडू लागली, शेजारच्या चटईवरचं मल्याळी कुटुंब उठून बघायला लागलं. "मंजूर!" आत्या म्हणाली. कितीतरी वेळ तो खेळ चालला. मीही हसत होते. असं चारचौघांत हसू मला सहसा येत नसे.

"पण कमाल आहे हं," देवधरकाका डोळे पुसत म्हणाले. "त्या आदिवासी लोकांचं सगळं तुम्हाला पाठ करावं लागलं असेल."

"पाठ कशाला करू?" आत्या तितक्याच सहज म्हणाली. "मी महादेव कोळी आहे. आदिवासीच."

हसणं थांबलं नाही, नुसतं पातळ झालं. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मग सावकाश शेगडीकडे. "म्हणजे... तुम्ही पण?"

बाबांनी एक सळई उलटवली. मग दुसरी. "आक्का माझी मानलेली बहीण," ते म्हणाले. "आमच्या गावाकडच्या. लहानपणापासून राखी बांधतात."

ते तिला अहोजाहो करत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकलं. आत्यानं बाबांकडे पाहिलं, आणि मग काकूंना म्हणाली, "पोहे द्या हो थोडे."

परत येताना शारजात शिरण्याआधीच जाम लागला. रोहन कानात वायर घालून झोपला होता. पुढे दोघं क्रिकेटवर बोलत होते, नेहमीपेक्षा मोठ्यानं. आत्या संत्रं सोलून एकेक फोड आईला आणि मला देत होती. घरी आल्यावर बाबांनी चपलाही न काढता कपाटातून मसुदा आणला, जणू तेवढं उरकलं की दिवस संपणार होता.

आत्यानं चष्मा लावून तो वाचला. "यात सख्खा भाऊ लिहिलंयस."

"मग?"

"मग मी शपथेवर काय लिहू नामा? सख्खी की मानलेली?"

बाबा खुर्चीत बसले. "तुला काय जातंय आक्का? तू परत जाशील. मला उद्या सकाळी त्याच्याच गाडीत बसायचंय."

"तेच म्हणते. उद्या गाडीत बसशील तेव्हा त्यांना सांग. तुझ्या तोंडानं. मग मी लिहून देते. सहलीत एक आणि शपथेवर एक, असं माझ्या टेबलावर कधी चाललं नाही. लोकांची पोरं मी परत पाठवलीत त्यासाठी."

"माझ्या मुलीचं वर्ष जाईल!"

"जाईल," आत्या म्हणाली. तिचाही आवाज नीट नव्हता.

आई मध्ये पडायला आली, बाबा तिच्यावरच ओरडले, आणि तिघं एकदम बोलायला लागले. सगळं माझ्याबद्दल. मी दारात उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "कॅन समबडी प्लीज आस्क मी?" इतक्या जोरात की मलाच दचकायला झालं.

आत्या वळली. "विचारते. सांग, आपण कोण?"

आणि मी, देवाशप्पथ सांगते, न थांबता त्या साहेबाचं पहिलं पान म्हणायला लागले. डोंगराळ प्रदेशात राहणारी जमात, मुख्य देव अमुक, मुख्य पीक तमुक. मध्येच माझं मलाच ऐकू आलं आणि रडायला आलं.

तिनं मला शेजारी बसवलं आणि तिची शेवटची बदली का झाली ते सांगितलं. समितीपुढे एक मुलगी आली होती, बापाची नोकरी शहरात, सगळं शिक्षण शहरात. कागद चोख. पण देव विचारले तर माहीत नाही, सण विचारला तर माहीत नाही. इतरांनी नामंजूर लिहिलं. आत्यानं एकटीनं विरोधाचं टिपण लिहिलं, की आपणच यांना सांगितलं शिका, शहरात जा, सुधारा, आणि आता विसरलात म्हणून शिक्षा करतो. आणि एक लिहिलं, की खोटी माणसं सगळी उत्तरं पाठ करून येतात. खरी माणसं अडखळतात. टिपण दप्तरी दाखल झालं, मुलगी परत गेली, आत्या गोदामावर गेली. "तुला बापानं इतकं पाठ करवून पाठवलं असतं," ती म्हणाली, "तर माझ्याच टेबलावर मी तुला बोगस समजले असते." बाबा ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्सचे कागद टेबलावर नव्हते.

पण काकांना त्यांनी सांगितलंही नाही. आत्या रोज संध्याकाळी त्यांना चहा देताना विचारायची, "सांगितलंस?" एक दिवस काकांना सर्दी होती. एक दिवस रेडिओवर मॅच होती. एक दिवस जामच लागला नाही, म्हणून वेळ मिळाला नाही. मला बाबांचा राग यायचा आणि आत्याचाही. दिल्लीच्या कॉलेजची फॉर्म भरायची तारीख कॅलेंडरवर लाल गोलात होती, आणि ही दोघं माझ्या डोक्यावरून त्यांचं लहानपणीचं भांडण भांडत होती असं वाटायचं. आता वाटतं, ते फक्त त्या दोघांचं भांडण नव्हतंच. आत्या ज्या प्रश्नावर नोकरीभर टिपणं लिहीत आली, तो प्रश्न तिच्या भावाच्या घरात जेवायला बसला होता.

आखातात तेव्हा एक रीत होती. कोणी भारतात निघालं की ओळखीचे सगळे आपापली पार्सलं घेऊन यायचे, आणि जाणाऱ्याचं अर्धं सामान दुसऱ्यांचंच असायचं. आत्याच्या जाण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नेहमीपेक्षा कमी लोक आले. संध्याकाळी देवधरकाका आले. त्यांच्या आईसाठी खजूर, बदाम आणि गुडघ्याचा पट्टा, सगळं एका पिशवीत शिवून आणलेलं. बाबांनी आकडीचा काटा आणला, पिशवी अडकवली आणि दारातच उभं राहून वजन बघू लागले.

"ताईंना जड नाही ना होणार?" काका म्हणाले. "तुमच्या मानलेल्या, म्हणून हक्कानं आणलं हो."

बाबा काट्याकडे बघत राहिले. पिशवी हलत होती, काटा स्थिर होत नव्हता. "मानलेली नाही," ते म्हणाले. "सख्खी आहे. एका आईच्या पोटचे आम्ही. महादेव कोळी. मीपण, हीपण." माझ्याकडे त्यांनी बोट केलं. "त्या दिवशी मी खोटं बोललो."

स्वयंपाकघरातला बांगड्यांचा आवाज बंद झाला.

काकांनी एक श्वास घेतला, आणि मग मोठ्यानं हसले. "अहो, मग त्यात काय! आम्ही नाही मानत असलं काही." बाबांच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. चहा प्यायले, वरईचा भातही चाखला, चांगला लागतो म्हणाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी मजा आहे बघ. तुझं काम झालंच म्हणायचं. अभ्यास आमच्या रोहननंच करायचा." मग बाबांना, "यल्ला, शनिवारी भेटू."

दार लागल्यावर बाबा काटा हातात धरून तसेच उभे होते. "ऐकलंस? हे ऐकायसाठी सांगायला लावलंस मला?"

"मी नोकरीभर ऐकते," आत्या म्हणाली. "तू एकदा ऐक." मग तिनं मसुद्याची घडी करून पर्समध्ये ठेवली, काकांची पिशवी स्वतःच्या बॅगेत घातली, ती बसेना म्हणून आईनं दिलेली चादर काढून ठेवली. मला म्हणाली, "जागा घ्यायची की नाही ते तू ठरव. ते मी सांगणार नाही. घेतलीस तर तिथेही कोणीतरी हेच म्हणेल. तेव्हा सळया उलटवत बसू नको."

शनिवारी काकांचा फोन आला की त्यांची ऑफिसची वेळ बदलली आहे. त्यानंतर बाबा जाम एकट्यानंच काढायचे. दोन्ही घरांत जाणंयेणं राहिलं, दिवाळीचा फराळ राहिला, गाडी मात्र पुन्हा एक झाली नाही. पुण्याला ते पार्सल आत्यानं स्वतः जाऊन पोचवलं, आणि काकांच्या आईनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

समितीपुढे माझा नंबर आला तेव्हा बाबा बाहेर बाकावर बसले होते. आत तीन अधिकारी, टेबलावर पंखा, पंख्याखाली फडफडणाऱ्या फायली. आमच्या डोंगराचं नाव मी सांगितलं. वाघबारस विचारल्यावर वाघ कोण होतो ते सांगितलं. लग्नातली एक रीत विचारली, ती मला साहेबाच्या पुस्तकातून तोंडपाठ होती. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी शारजात वाढले." मधल्या अधिकाऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. "आडनाव तर मराठ्यांतही असतं. मग तुम्ही महादेव कोळी आहात हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वडिलांनी," मी म्हटलं. "आमच्या दारात उभं राहून, बाहेरच्या माणसाला सांगितलं. मी तिथे होते."

"हा काही पुरावा होत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि आत्याचं शपथपत्र त्यांच्या पुढे सरकवलं.